दोन ढ

दुपारी साडेतीन. ब्रनोत अकरा.
तिकडे यिर्झी, इकडे मी,
आणि काचेपलीकडे भोसरीचा आमचा पॉवर प्रेस,
दर सात सेकंदांनी धप्प.
दोन धप्पांच्या मधे मावेल
एवढंच वाक्य मी आधी जुळवून ठेवते.

मंचरच्या शाळेत, इंग्रजीच्या तासाला,
हजेरी घेताना गुरुजी थांबायचे :
"ढमढेरे. आडनावात दोन ढ,
आणि तिसरी बाकावर."
वर्ग हसायचा. मीही हसायचे,
सगळ्यात मोठ्यानं,
म्हणजे लवकर संपेल.

यिर्झीनं पहिल्याच कॉलवर
दोन्ही ढ काढून टाकले.
"हॅलो, मिसेस दमदेरे."
मी दुरुस्त केलं नाही.
त्याच्याही नावात एक अक्षर आहे,
र आणि झ एकदम दाताखाली धरलेलं,
ते मला आजतागायत जमलेलं नाही.
तोही दुरुस्त करत नाही.

मागच्या दिवाळीच्या तोंडावर
मी म्हणाले फिफ्टीन, त्यानं ऐकलं फिफ्टी.
आपल्याकडे पंधरा आणि पन्नास
एका प-पुरते शेजारी, पुढे ओळख नाही.
तिकडे मात्र शेवटचा एक न गिळला
की पस्तीस खोकी जातात कुठे, कुणाला ठाऊक.
मालक काही बोलले नाहीत.
चहा मात्र त्या दिवशी माझ्या टेबलापर्यंत आला नाही.

मालकांचा पुतण्या ऋग्वेद,
बिशप्सचा, मग मँचेस्टरचा,
म्हणाला, "मॅडम, जरा फास्ट बोला,
कॉन्फिडंट वाटतं."
तो बोलतो तेव्हा यिर्झी येस म्हणतो, शुअर म्हणतो,
आणि कॉल संपल्यावर
हळूच मला मेल टाकतो :
काय म्हणाले ते?

तेव्हापासून मॉनिटरच्या कडेला चिठ्ठी :
वन-फाइव्ह. फाइव्ह-झीरो.
व्हॉल्व्हला खालचा ओठ दातांखाली,
वॉशरला ओठ गोल, शीळ घालावी तसा.
आपला व बिचारा एकटाच
दोन्हीकडे राबत होता इतकी वर्षं,
घरचं करून कामावर जाणाऱ्या बाईसारखा.

पूर्वी गप्प झाले की घाबरायचे.
मधे ॲक्च्युअली भरायचे, बेसिकली भरायचे,
पॅकिंगमधे थर्माकोल भरतात तसे.
आता भरत नाही.
"झीरो पॉइंट झीरो फाइव्ह."
धप्प.
"मिलिमीटर."
आणि थांबते.
तिकडे पेनाचा आवाज येतो. लिहितोय.
मग तो तेच आकडे परत म्हणतो,
एकेक करून, लहान मुलाला जिना उतरवावा तसे.
त्याच्या इंग्रजीत 'द' कधीच नसतो.
माझ्यातही नसतो बहुतेक.
त्याच्याजवळचे होते नव्हते ते दोन
त्यानं माझ्या आडनावात वापरले असावेत.

दम-दे-रे.
एकदा तोडून वाचलं आणि एकटीच हसले.
गुरुजींनी नुसता दम दिला होता.
हा माणूस, न कळता,
दर मंगळवारी मागतोय.
देते. तेवढंच तर शिकलेय मी
इंग्रजी म्हणून.

साडेचारला गोरख दारात उभा,
हातात डिस्पॅचचं रजिस्टर.
"गाडी लागली. किती भरू?"
"पन्नास," मी म्हणते. थांबते.
"पाच. शून्य."
गोरख माझ्याकडे बघतो.
"मॅडम, मराठीत पन्नास
एकदा सांगितलं तरी पोचतं."

पोचतं, खरंय.
तरीही आकडा
त्याच्याकडून मोठ्यानं वाचून घेते.